तळघरातला पूल

"असलं हॉटेल त्या मॉलमध्ये कधीच नव्हतं," मार्लीन म्हणाली आणि आंबट कोबीचा तळलेला गोळा मोहरीत बुडवून तिनं तोंडात टाकला.

तोवर सगळं फार छान चाललं होतं. आई गेल्यापासून रविवारी दुपारी या थोरल्या बहिणीकडे जेवायला जमायचं, असा ड्वेनच्या घरचा रिवाजच पडला होता. अ‍ॅक्रनच्या दक्षिणेचा जुना मॉल गेल्या महिन्यात पाडला, तिथे आता पार्सलांचं गोदाम होणार, यावरून बोलणं निघालं आणि बघता बघता टेबलाभोवतीची माणसं तरुण दिसायला लागली. मार्लीनचा नवरा रॉय तिथल्या नारिंगी फेसाळ पेयाबद्दल बोलताना हातानंच फेसाची उंची दाखवत होता. "अख्ख्या ओहायोत तसं पेय पुन्हा झालं नाही," तो म्हणाला, तर मार्लीन म्हणाली, "पेय कुठलं, ते ढवळणारी पोरगी आठवतेय तुला. केस लाल होते तिचे." ड्वेनची बायको टेरी तरुण वयात तिथल्या प्रेटझेलच्या गाडीवर कामाला होती. तिनं रुमालाची वळी करून कणकेला पीळ कसा द्यायचा ते दाखवलं, आणि रॉयनं त्या रुमालावर खोटं खोटं मीठ भुरभुरलं. मक्याच्या पिठात बुडवून काठीवर तळलेली सॉसेजं, पट्ट्यापट्ट्यांच्या टोप्या घालून सरबतासाठी लिंबं कुटणाऱ्या मुली, पॉपकॉर्नच्या दुकानातून दारापर्यंत येणारा करपलेल्या साखरेचा वास. ड्वेन ऐकता ऐकता सुखावला होता. म्हणून अगदी सहज, आपणही चार घास वाढावेत तसं तो म्हणाला होता, "आणि ते खालचं हॉटेल? पायऱ्या उतरून जायचं, आत छोटा लाकडी पूल होता, पुलाखाली पाणी. आई मला न्यायची."

आणि त्यावर मार्लीन ते वाक्य बोलली होती.

"होतं गं. दिवे होते लाल काचांचे," ड्वेन म्हणाला.

"त्या मॉलला मी बारा महिने पडीक असायची. कोपरा न् कोपरा ठाऊक आहे मला. आणि आई तुला कुठल्याही हॉटेलात नेत नव्हती." ती एवढी तडकून का बोलली हे ड्वेनला कळलं नाही. ती उठली, कॉफी आणायला म्हणून आत गेली, आणि कॉफीचं भांडं तर टेबलावरच होतं. पण ड्वेनचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याचं लक्ष टेरीकडे होतं. टेरीनं त्याच्याकडे पाहिलं होतं, क्षणभरच, आणि लगेच रुमालाची वळी उलगडून सारखी करायला घेतली होती. ती नजर ड्वेन ओळखत होता. बाहेरून नव्हे, आतून ओळखत होता. आईला पहिल्यांदा चाळणीचा शब्द आठवेना आणि ती हातानं हवेत भोकं दाखवायला लागली, तेव्हा त्याच्याच डोळ्यांतून ती नजर निघाली होती.

परतीच्या वाटेवर गाडी टेरीनं चालवली. ड्वेन खिडकीतून रस्त्यांची नावं मनातल्या मनात पाटीच्या आधी म्हणत होता. प्रत्येक नाव बरोबर येत होतं आणि प्रत्येक वेळी त्याला थोडं हायसं वाटायचं, पण पुढच्या चौकापर्यंत ते टिकत नव्हतं. बरोबर येतंय म्हणून काय झालं, आईलासुद्धा रस्ते शेवटपर्यंत येत होते. तिचे रस्ते नव्हते गेले, माणसं गेली होती. टेरी म्हणाली, "थकलायस का?" तो "नाही" म्हणाला. मग तिनं रेडिओ लावला. एरवी ती गाडीत रेडिओ लावत नाही.

तो आठवडा ड्वेननं कसा काढला हे त्यालाच माहीत. शाळांच्या इमारतींमधले बॉयलर सांभाळायचं त्याचं काम. गेली कित्येक वर्षं त्याचे हात आपले आपण व्हॉल्व्हकडे जात आले होते. आता तो प्रत्येक व्हॉल्व्हसमोर थांबून स्वतःला विचारत होता, हा कशाचा? आणि उत्तर यायला अर्धा क्षण जास्त लागला की तो पुन्हा पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करायचा. बॉयलरच्या खोलीतल्या त्या कोंदट उबेत उभा राहून तो पुन्हा पुन्हा ते हॉटेल डोळ्यांपुढे आणायचा. ते येतही होतं, आणि किती लख्ख येत होतं! तपकिरी उजेड. भिंतीवर फिरणारं पाणचक्कीचं चाक. पुलाचा कठडा इतका बुटका की पाच वर्षांच्या मुलाच्याही तो काखेखाली यायचा. पावाच्या फाकेवर टर्की आणि सगळ्यावरून ओतलेला दाट गरम रस्सा, त्याच्या काठाला धरलेली साय. दुधाच्या पेल्यात बुडालेल्या लाल चेरी. जमिनीला न पोचणारे स्वतःचे पाय, बुटांच्या बर्फाचं खुर्चीखाली साठलेलं थारोळं. पण जितकं ते लख्ख येत होतं तितका तो घाबरत होता. खरी आठवण इतकी लख्ख नसते. टेरीशी लग्न लागलं त्या दिवसाचं त्याला धड चर्चसुद्धा आठवत नव्हतं, फक्त गळपट्टा टोचत होता एवढं आठवत होतं. आणि या हॉटेलातली चेरी मात्र दिसते? शिवाय मॉल म्हणजे सपाट पसरलेली इमारत, तिला तळघर कुठून येणार? आणि सगळ्यांत वाईट एक गोष्ट होती, ती त्यानं रविवारी टेबलावर सांगितलीच नव्हती. त्या आठवणीत आई कधीच बसत नसे. ती बशी आणून ठेवायची, त्याच्या केसांवरून हात फिरवायची आणि तपकिरी उजेडात नाहीशी व्हायची. पुन्हा यायची, उभी राहायची, जायची. समोरची खुर्ची कायम रिकामी. कुठली आई लेकराला हॉटेलात नेते आणि स्वतः बसत नाही? स्वप्नातली माणसंच अशी वागतात, येतात आणि बसत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी भांडी पुसता पुसता टेरी म्हणाली, "मी शोधलं रे. फोनवर. त्या मॉलची आठवण काढणारी पुष्कळ मंडळी आहेत, फोटो टाकतात, माझ्या प्रेटझेलच्या गाडीचासुद्धा आहे. तुझा पूल नाही सापडला."

"मग?"

"मग काही नाही. म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवून आलो तर काय बिघडलं?"

"हॉटेल आठवतंय म्हणून डॉक्टर? विसरल्यावर दाखवतात ना!"

तो ओरडला होता. टेरीनं फडकं दोरीवर टाकलं आणि ती म्हणाली, "आईंचं पण असंच सुरू झालं होतं, ड्वेन. नसलेलं आठवायला लागल्या होत्या." आणि ती रडवेली झालेली पाहून तो आणखीच घाबरला, कारण तिचं खरं होतं. शेवटच्या दोन वर्षांत, वृद्धाश्रमात, आई दुपार झाली की अस्वस्थ व्हायची. चादर चाचपायची. "माझा एप्रन कुठाय? मला उशीर होतोय, कामाची पाळी सुरू होईल," म्हणायची. आणि ड्वेन तिच्या उशाशी बसून लहान मुलाला समजवावं तसं सांगायचा, "आई, तू आयुष्यात कधी नोकरी केली नाहीस. तू घरीच होतीस, आमच्यापाशी." त्यावर ती त्याच्याकडे बघायची, कीव आल्यासारखी. मार्लीन भेटायला यायची ती कोट न काढता खिडकीपाशी उभी राहायची आणि बाहेर पार्किंग बघत राहायची. तिला हे सहन होत नसावं, असं ड्वेनला वाटायचं.

शुक्रवारी डॉट मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. डॉट काही सख्खी मावशी नव्हे, चर्चमधली आईची जिवाभावाची मैत्रीण. आता पंच्याऐंशीच्या घरात होती आणि एकटी एका खोलीत राहत होती, तिथल्या शेजाऱ्यांना पत्त्यांत लुबाडत. गाडीत बसल्यापासून ती बोलत होती आणि ड्वेन स्टिअरिंगवर हात आवळून स्वतःशी झगडत होता. विचारावं की नाही? त्या काळात आईला ओळखणारं, घराबाहेरचं जिवंत माणूस हे एवढंच उरलं होतं. हिनंही "नाही" म्हटलं की मग तो पूल फक्त त्याच्या डोक्यात राहणार, आणि त्या डोक्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवणार. न विचारलं तर निदान अर्धी आशा शाबूत राहील. त्यानं परत येईपर्यंत विचारलं नाही. तिला खोलीवर सोडलं, तिच्या काळ्या चष्म्याची दांडी नीट केली, दारापर्यंत गेला. आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून, पाठमोराच म्हणाला, "मावशी, मॉलमध्ये खाली एक पूल असलेलं हॉटेल होतं का गं?"

डॉट म्हणाली, "होतं का म्हणजे? त्या मेल्या पुलावरून मी हातात सूप घेऊन पडले होते!"

ड्वेन वळला. तिनं काळा चष्मा कपाळावर चढवला होता आणि औषधानं विस्फारलेल्या बाहुल्यांनी ती त्याच्या दिशेला कुठेतरी बघत हसत होती.

"मिलस्ट्रीम रूम," ती म्हणाली. "मॉलच्या टोकाला ते मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं बघ, त्याच्या तळघरात. कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं की गिऱ्हाइकाला जेवताना झरा हवा. एक हिवाळा चाललं. मार्चमध्ये तो झरा फुटला आणि सगळं तळघर पोटरीभर पाण्यात! पुढे तिथे गालिचे विकायला लागले. ओले वास मारायचे ते गालिचेसुद्धा. कुणाला आठवायला ते हॉटेल राहिलं किती? तुला कसं आठवतं? एवढासा तर होतास. चेरीशिवाय दूध पीत नव्हतास."

"चेरी..."

"मी टाकायची. बारमधून ढापून. तुझी आई म्हणायची, डॉट, पोराचे दात किडतील."

ड्वेन खाली बसला. खुर्चीवर डॉटचा स्वेटर होता, त्याच्यावरच बसला. काहीतरी विचारायचं होतं आणि ते शब्द तोंडात जमत नव्हते, पण ही अडखळ निराळी होती, ती आजारातली नव्हती. "आई बसत का नव्हती, मावशी?" शेवटी त्यानं विचारलं.

"ऐका! वेट्रेसनं गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसायचं असतं होय? मॅनेजरनं हाकललं असतं."

मग डॉटनं सगळं सांगितलं. त्या हिवाळ्यात टायरच्या कारखान्यानं माणसं घरी बसवली, त्यांत ड्वेनचा बाप. आपल्या हलुस्का घराण्यातली बाई दुसऱ्याची उष्टी बशी उचलणार, हे ऐकलं असतं तर तो माणूस मेला असता, किंवा ओरडून दुसऱ्याला तरी मारलं असतं. म्हणून दोघी मैत्रिणींनी घरी सांगितलं, की चर्चच्या तळघरात विक्रीसाठी बटाट्याच्या करंज्या करायला बायका जमतात, तिथे जातो. दुपारी जायचं, अंधार पडायच्या आत यायचं. ड्वेन अजून शाळेत जात नव्हता, म्हणून तो बरोबर. "तुला पढवलं होतं, कुणी विचारलं तर चर्चमध्ये होतो म्हणायचं. तू म्हणायचास, आम्ही खाली होतो. तेही खोटं नव्हतंच." डॉट हसून हसून खोकायला लागली. ड्वेननं तिला पाणी दिलं. "तुझी आई, इर्मा, फार चांगली वेट्रेस होती हं," पाणी पिऊन ती म्हणाली. "चार बशा एका हातावर. वसंतात बाप परत कामावर गेला, झरा फुटला, विषय संपला. पण मला सांगायची, डॉट, ते दिवस माझे होते."

माझा एप्रन कुठाय? कामाची पाळी सुरू होईल. आई बरोबर होती. सगळं विसरत चाललेल्या त्या डोक्यात एक खरी गोष्ट तग धरून होती आणि तो रोज दुपारी तिच्या उशाशी बसून प्रेमानं ती खोटी पाडत होता. त्याला रडू यायला हवं होतं. आलंही थोडं. पण त्या रडण्याखालून काहीतरी सैल होत होतं, जड कोट खांद्यावरून उतरावा तसं. तिचं खरं होतं, त्याचंही खरं होतं. त्या तपकिरी उजेडात दोघं होते.

तो घरी न जाता थेट मार्लीनकडे गेला. रॉय घरात नव्हता. मार्लीन स्वयंपाकघरात कपाटं रिकामी करून पुसत होती. तिला काही झालं की ती कपाटं काढते. ड्वेननं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, भरभर, विजय मिळवून आलेल्या पोरासारखं. डॉट, मिलस्ट्रीम रूम, फुटलेला झरा, एप्रन. त्याला वाटलं होतं ती म्हणेल, बरं बाबा, जिंकलास. पण ती हातातलं फडकं धरून तशीच उभी राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू कुठल्या तरी जुन्या वयाचा होत गेला.

"करंज्या करायला," ती म्हणाली. "चर्चमध्ये."

"हो."

"मी गेले होते चर्चमध्ये. त्या हिवाळ्यात. चौदा वर्षांची होते. बाबांना ताप भरला म्हणून आईला बोलवायला धावत गेले. तिथे कुलूप. पाद्रीबाबा म्हणाले, करंज्या? त्या तर ईस्टरआधी, लेंटच्या उपासांत करतात, पोरी." ती कपाटाच्या कडेला टेकली. "आणि संध्याकाळी ती आली. ओठांना लिपस्टिक, केस वर बांधलेले, गाल लाल. आणि म्हणाली, आज फार करंज्या केल्या बाई, पाठ गेली."

ड्वेनला आता कळलं. एकदम नाही, पायरी पायरीनं. रविवारचं ते तडकणं, कॉफी टेबलावर असताना कॉफी आणायला जाणं, वृद्धाश्रमातली ती खिडकी. "मार्लीन," तो म्हणाला, "तुला काय वाटलं होतं?"

"काय वाटणार? बाई थापा मारून, नटून रोज दुपारी कुठे जाते? आणि तुला घेऊन जायची! मला वाटायचं, या पोरानं त्या माणसाला पाहिलंय. परवा तू हॉटेल म्हणालास, लाल दिवे म्हणालास, तेव्हा म्हटलं, आता हा त्याचं नाव सांगणार." तिनं फडक्यानं डोळे पुसले आणि फडकं कपाटाचं आहे हे लक्षात येऊन तोंड वाकडं केलं. "एवढी वर्षं, ड्वेन. बाबांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. बाबा गेल्यावर तिला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पण तिला कधी जवळ घेतलं नाही मी. एकदाही मनापासून नाही घेतलं."

बाहेर शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकत होतं. मार्लीन खाली बघत होती, तिचे खांदे हलत होते आणि तो तिला धरायला पुढे झाला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती हसतेय. रडत होती आणि हसत होती, पोट धरून, तोंडातून आवाज न काढता, जसं आई चर्चमध्ये हसायची.

"बशा!" ती म्हणाली. "बाई बशा उचलत होती! माझ्या डोक्यात एक मिशीवाला माणूस होता रे. गाडी होती त्याची. हिरवी. मी त्याला नाव ठेवलं होतं!"

"काय नाव?"

"गप बस." आणि ती पुन्हा हसायला लागली, आणि ड्वेनही, दोघंही रिकाम्या कपाटांसमोर, ओट्यावर डब्यांची रास, तिच्यात दालचिनीचा डबा उघडा पडलेला. कितीतरी वर्षांत घरात असा मोकळा आवाज झाला नव्हता. हसणं ओसरल्यावर त्यानं टेरीला फोन लावला. तिकडून नुसता मोठा श्वास ऐकू आला, आणि मग, "तरी पण डॉक्टरांकडे एकदा जायचं."

"जाऊ," ड्वेन म्हणाला. "केव्हाही जाऊ."

फोन ठेवला तर मार्लीन त्याच्याकडे बघत होती. नाक लाल झालं होतं. इतक्या हळू आवाजात तिला बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. "ती काय घालायची रे तिथे? रंग कुठला होता गणवेशाचा? टोपी होती का?"

ड्वेननं डोळे मिटले. आई आली, बशी ठेवली, केसांवरून हात फिरवला. हात दिसला, नखं आखूड कापलेली. पुढे बाही होती, बाहीला रंग असणारच होता. तो थोडा वेळ थांबला. काहीच आलं नाही. आणि न येण्याचं काहीच वाटलं नाही.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"नाही आठवत?"

"साफ विसरलो."

मार्लीननं फडकं ओट्यावर टाकलं आणि दाराशी जाऊन ती बूट चढवायला लागली, एक पाय हवेत, हात भिंतीला. "मग उभा काय राहिलास? डॉटला विचारू. चल, तिची पत्ते खेळायची वेळ व्हायच्या आत."